गोळीची वाट आणि पायाखालची वाट

आमच्या इमारतीच्या मागे कुंपणालगत एक अरुंद पट्टा आहे. फरशा उखडलेल्या, एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला शेवगा. रोज संध्याकाळी पाच-सहा वयस्कर माणसं तिथे फेऱ्या मारतात. गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेत हा पट्टा पार्किंगला द्यायचा ठराव आला. कुणीतरी म्हणालं, चालण्याने म्हातारपणी डोकं शाबूत राहतं, ही जागा राहू द्या. त्यावर जो वाद झाला तो मला तेव्हापासून स्वस्थ बसू देत नाही. एक शिकलेला तरुण म्हणाला, व्यायामाने स्नायूंतून निघणारी प्रथिनं आता सापडली आहेत, पाच-दहा वर्षांत त्यांची गोळीच येईल. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, व्यायामाने स्मृतिभ्रंश थांबत नाही हे मोठमोठ्या चाचण्यांत दिसलंय. तिसऱ्या काकांनी दोघांनाही थांबवलं: हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं, बारा सूर्यनमस्कारांना एक सतरंजी पुरते. तिघांच्या बोलण्यात थोडंथोडं तथ्य होतं. पण तिन्ही रस्ते एकाच ठिकाणी येऊन थांबत होते, पट्टा गेला तरी चालेल या ठिकाणी. वर्तमानपत्रांत, घरगुती गप्पांत, डॉक्टरांच्या व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत हाच वाद याच तीन चाकोऱ्यांतून फिरताना मी ऐकत आले आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. स्नायू आणि मेंदू यांच्यातलं हे रासायनिक बोलणं खरं आहे. त्याचा पुरावा प्राण्यांमध्ये भक्कम आहे, माणसांमध्ये आश्वासक पण अपुरा आहे. आणि हा शोध नीट वाचला तर तो गोळीकडे बोट दाखवत नाही. माणसाला हालचाल करायला जागा, वेळ आणि ताकद कोण देतं, या प्रश्नाकडे तो बोट दाखवतो. हा प्रश्न सार्वजनिक आहे. तो प्रत्येकाच्या आळशीपणाच्या खात्यावर टाकून मोकळं होणं मला मान्य नाही.

स्नायू म्हणजे हाडं ओढणारे दोर, एवढीच समजूत आपल्या मनात पक्की बसलेली आहे. १९६१ मध्ये गोल्डस्टीन नावाच्या शास्त्रज्ञाने मांडलं होतं, की राबणारा स्नायू रक्तात काहीतरी सोडतो आणि त्याचा परिणाम दूरच्या ऊतींवर होतो. ते 'काहीतरी' हाती लागायला चाळीस वर्षं गेली. २००० च्या सुमारास कोपनहेगनमध्ये बेंटे क्लारलुंड पेडरसन यांच्या गटाला दिसलं, की आकुंचन पावणारा मांडीचा स्नायू इंटरल्युकिन-६ नावाचं प्रथिन रक्तात सोडतो. अशा पदार्थांना त्यांनी 'मायोकाइन' हे नाव दिलं. तेव्हापासून स्नायूंतून निघणारी अशी शेकडो प्रथिनं नोंदली गेली. धडधाकट तरुणाच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त भाग स्नायूंचा असतो. म्हणजे शरीरातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथींपैकी एक आपण खुर्चीवर बसवून ठेवतो आणि ती बंद पडल्याची तक्रार मात्र मेंदूकडून येते.

या प्रथिनांमधलं सर्वांत गाजलेलं आयरिसिन. २०१२ मध्ये बोस्टनमधल्या ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने ते जाहीर केलं आणि ग्रीक पुराणातल्या आयरिस या दूतदेवतेवरून त्याचं नाव ठेवलं. पुढच्याच वर्षी उंदरांत दिसलं, की त्याचं मूळ प्रथिन हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी बांधणाऱ्या भागात, बीडीएनएफ या प्रथिनाची पातळी वाढवतं. बीडीएनएफ चेतापेशींना जगवतं आणि त्यांचे जोड पक्के करतं. मग रीतसर भांडण झालं. माणसाच्या ज्या जनुकापासून हे प्रथिन बनतं त्याचा आरंभसंकेत नेहमीसारखा नाही, तेव्हा माणसात ते पुरेसं बनतं तरी का, असा प्रश्न आला. २०१५ मध्ये एका गटाने दाखवून दिलं, की बाजारातल्या ज्या किटने आयरिसिन मोजलं जात होतं ते किट भलत्याच प्रथिनांना चिकटत होतं, आणि आयरिसिन ही दंतकथाच म्हणावी लागेल. त्याच वर्षी स्पीगलमन यांच्या गटाने मास स्पेक्ट्रोमेट्रीने प्रथिनाचे तुकडे थेट ओळखून मोजले. बैठ्या माणसांच्या रक्तात एका मिलिलिटरला सुमारे ३.६ नॅनोग्रॅम, नियमित व्यायाम करणाऱ्यांत सुमारे ४.३. फरक लहान, पण प्रथिन खरं. हे भांडण मी मुद्दाम सांगते आहे. 'शास्त्रज्ञ रोज मत बदलतात' म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा नीट पाहावा: मोजमाप चुकलं, कुणीतरी उघडपणे सांगितलं, मापपट्टी बदलली.

त्यानंतर २०१९ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत आयरिसिन कमी असल्याचं दाखवलं. रोगाचं प्रतिरूप तयार केलेल्या उंदरांत ते वाढवल्यावर स्मरणशक्ती सुधारली. २०२१ मध्ये आयरिसिनचं जनुकच काढून घेतलेले उंदीर धावले, पण धावण्याने शिकण्यात जी सुधारणा व्हायला हवी होती ती झाली नाही. निरोप्याला काढून घेतलं तर निरोप पोचत नाही, हे याहून स्वच्छ कसं दाखवणार? आयरिसिन एकटं नाही. कॅथेप्सिन बी हे प्रथिन व्यायामानंतर उंदीर, माकड आणि माणूस या तिघांच्याही रक्तात वाढल्याचं २०१६ मध्ये दिसलं, आणि माणसांत ते स्मरणशक्तीच्या कसोटीशी जुळत होतं.

मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटतो तो स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतला २०१४ चा शोध. ताणतणावात रक्तात किन्युरेनिन नावाचा पदार्थ वाढतो, तो मेंदूत शिरतो आणि नैराश्याशी त्याचा संबंध आहे. कमावलेल्या स्नायूंत काही विकरं, म्हणजे एन्झाइम, वाढतात. ती या किन्युरेनिनचं रूप असं बदलतात, की रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा त्याला ओलांडता येत नाही. इथे स्नायू मेंदूला काही पाठवत नाही. मेंदूच्या दाराशी जाणारं विष वाटेतच अडवून धरतो. पंढरीच्या वाटेवर दिंडीला पाणी देणारा जसा असतो, तसा रस्त्यातले काटे उचलणाराही असतो, आणि दुसऱ्याची नोंद कुणी घेत नाही. २०२० मध्ये सान फ्रान्सिस्कोत व्यायाम केलेल्या म्हाताऱ्या उंदरांचा रक्तद्रव बसून राहिलेल्या म्हाताऱ्या उंदरांना दिला, तेव्हा त्यांच्या मेंदूलाही फायदा झाला. त्यामागचं एक विकर यकृतातून येत होतं. म्हणजे या संवादात यकृत आहे, चरबी आहे, रक्तवाहिन्या आहेत. एका प्रथिनाला नायक करून बाकीच्यांना पडद्यामागे ढकलण्याची घाई बातम्यांनी केली आहे. शास्त्राने ती केलेली नाही.

आता गोळीवाल्यांकडे येते. त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा मी मनापासून मान्य करते. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला माणूस, गुडघे पूर्ण झिजलेली आजी, हृदय जेमतेम चालणारा रुग्ण, यांना 'चला, उठा' म्हणणं निर्दयपणा आहे. त्यांच्यासाठी असं औषध कधी आलं तर त्यासाठी मी रांगेत उभी राहीन. पण चालू शकणाऱ्यांसाठी? इंटरल्युकिन-६ चंच पाहा. व्यायामात ते झपाट्याने चढतं, मॅरेथॉननंतर तर शंभरपटीच्या घरात जातं, आणि लगेच उतरतं. त्या चढउतारात ते दाह शमवायला मदत करतं. तेच प्रथिन पोटाच्या चरबीतून दिवसरात्र थोडंथोडं झिरपत राहिलं, की दीर्घकालीन दाहाचा साथीदार ठरतं. रेणू तोच. फरक लयीचा. तबल्याची थाप आणि भिंतीपलीकडून अखंड येणारा ठोका, दोन्ही आवाजच असतात. ही लय गोळीत कशी भरायची?

आणि हा मोह पहिला नाही. भाज्या-फळं खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो, त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असतं, मग बीटा-कॅरोटीनच गोळीतून देऊ, असा सरळ हिशेब एकदा झाला होता. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. गाजरात काय आहे हे कळणं आणि गाजराची जागा घेता येणं, या दोन गोष्टींत किती अंतर असतं हे तिथे माणसांचे जीव जाऊन कळलं. बीडीएनएफचंही तसंच. हे इतकं उपकारक प्रथिन एएलएस या चेतारोगाच्या ११३५ रुग्णांच्या चाचणीत टोचून पाहिलं, आणि १९९९ मध्ये निष्कर्ष आला की मुख्य निकषांवर फायदा नाही.

दुसऱ्या गृहस्थांचा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो आकड्यांवर उभा आहे. अमेरिकेत १६३५ वृद्धांच्या चाचणीत एका गटाला दोन वर्षं व्यायाम दिला. आरोग्यशिक्षणाची व्याख्यानं ऐकणाऱ्या गटापेक्षा त्यांची बुद्धी सरस राहिली नाही. ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या ४९४ रुग्णांच्या चाचणीत एका गटाला चांगला दमदार व्यायाम दिला. शरीर सुधारलं, पण बौद्धिक घसरण थांबली नाही. लंडनच्या सरकारी नोकरांचा अठ्ठावीस वर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासाने तर वेगळीच शंका पुढे आणली: ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला त्यांची हालचाल निदानाच्या सुमारे नऊ वर्षं आधीपासूनच कमी होत गेली होती. म्हणजे चालणं सुटलं म्हणून मेंदू खंगला, की मेंदू खंगायला लागला म्हणून चालणं सुटलं?

हे मी झटकून टाकत नाही. उलट यातली एक गोष्ट घराघरांत पोचली पाहिजे: स्मृतिभ्रंश झाल्यावर व्यायाम हा त्यावरचा उतारा नाही. माझ्या आत्याला हा आजार झाला तेव्हा तिच्या सुनेला नातेवाइकांनी किती बोल लावले ते मी पाहिलं आहे. तू त्यांना रोज चालवलं नाहीस, तू कोडी सोडवायला बसवलं नाहीस. ती बिचारी रात्री अकराला आत्याला हाताला धरून घरातल्या घरात फेऱ्या घालायची. चालण्याने आत्याला झोप बरी लागायची, तोल सावरायचा, आणि तेवढ्यासाठी ते चालणं मोलाचं होतं. आजार परतवण्याची जबाबदारी मात्र त्या सुनेवर टाकायचा कुणाला अधिकार नव्हता.

पण या चाचण्यांतून 'व्यायामाचा मेंदूशी संबंध नाही' हे निघत नाही. अल्झायमरमधले बदल लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतात. सत्तरीनंतरची दोन वर्षं म्हणजे पेरणी, कोळपणी सगळं झाल्यावर कापणीच्या आठवड्यात पाणी देऊन पीक वाढलं नाही म्हणण्यासारखं आहे. फिनलंडमध्ये १२६० जणांच्या चाचणीत एका गटाला व्यायाम, आहार, बौद्धिक सराव आणि रक्तदाबावर लक्ष असं सगळं एकत्र दिलं, तेव्हा दोन वर्षांत फरक दिसला. अमेरिकेतल्या २१११ जणांच्या अशाच चाचणीचा निकाल २०२५ मध्ये आला, तोही त्याच दिशेचा. त्यात व्यायामाचा वाटा किती हे सुटं करून सांगता येत नाही, हे मला मान्य आहे. मात्र स्नायूंची भाषा ज्याने थोडी समजून घेतली त्याला हे सुटं न होणं खटकणार नाही. उपाशी, न झोपलेल्या, रक्तदाबाने पिचलेल्या शरीरातला स्नायू कोणता निरोप पाठवणार?

उलट्या कार्यकारणाची शंकाही जुनीच आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसमधल्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना छापली. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयरोग जास्त, आणि दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. मुंबईकराला तो अरुंद वळणदार जिना समजावून सांगावा लागणार नाही. तेव्हाही लोक म्हणाले, जाडी माणसंच ड्रायव्हर होत असतील. मॉरिस यांनी चिडून उत्तर दिलं नाही. त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापं मागवली. ड्रायव्हरांच्या कमरा खरंच मोठ्या निघाल्या आणि १९५६ मध्ये त्यांनी ते स्वतःच छापलं. पुढे दिसलं, की सडपातळ असो वा स्थूल, कंडक्टरांचा धोका ड्रायव्हरांपेक्षा कमीच होता. मेंदूच्या बाबतीत आपण आज विजारी मोजण्याच्या टप्प्यावर आहोत. पण व्यायाम सार्वजनिक आरोग्याचा भाग व्हायला पाहिजे हे म्हणायला जग शेवटच्या विजारीसाठी थांबलं नव्हतं.

पूर्वजांना ठाऊक होतं म्हणणाऱ्या काकांना काय सांगू? तालीम, मल्लखांब, सूर्यनमस्कार हा आपला ठेवा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. तरीही अनुभव कारणावाचून हातातून निसटतो. १७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी बारा खलाशांवर प्रयोग करून लिंबूवर्गीय फळांनी स्कर्व्ही बरा होतो हे दाखवलं. ब्रिटिश आरमाराने १७९५ मध्ये लिंबाचा रस सुरू केला आणि रोग जवळजवळ नाहीसा झाला. पण रस का लागू पडतो हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून एकोणिसाव्या शतकात भूमध्य समुद्राकाठच्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली दुसऱ्या जातीची लिंबं आली, तेव्हा त्यांच्या रसात क जीवनसत्त्व फारच कमी आहे हे कळायला मार्ग नव्हता. १८७५ च्या ध्रुवीय मोहिमेत खलाशांना पुन्हा स्कर्व्ही झाला. ठाऊक असलेलं ज्ञान हरवलं, कारण त्याचं 'का' हाती नव्हतं. आयरिसिन शोधणारी माणसं आपल्या सूर्यनमस्कारांचं 'का' शोधत आहेत. त्यांच्याशी आपलं भांडण काय?

आणि पूर्वजांचं नाव घ्यायचंच तर पूर्ण घ्यावं. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः सूर्यनमस्कार घालत, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. आपल्या संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सुरू केले. शरीर कमावणं हे राज्याचं काम आहे असं त्यांनी मानलं. आज आपल्या किती शाळांत खेळाचा तास परीक्षा जवळ आल्यावरही खेळालाच राहतो?

माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत अवघड प्रश्न सभेत कुणी विचारलाच नाही. २०२३ मध्ये भारतातल्या साठीपुढच्या लोकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. पाणी वाहणारी, खुरपणारी, जळण आणणारी, साठ वर्षं एक दिवस न बसलेली बाई! स्नायू हलवल्याने मेंदू वाचत असेल तर सर्वांत आधी तिचा वाचायला हवा होता. या प्रश्नाला बगल देऊन मायोकाइनचं गुणगान करणं मला अप्रामाणिक वाटतं.

उत्तराचा एक भाग शाळेत आहे. शिक्षणाने मेंदूला जी शिल्लक मिळते ती तिला मिळालीच नाही. दुसरा भाग राबणं आणि व्यायाम यांतल्या फरकात आहे. कोपनहेगनमधल्या लाखावर लोकांच्या अभ्यासात २०२१ मध्ये दिसलं, की फावल्या वेळातल्या हालचालीने हृदयरोग आणि मृत्यूचा धोका कमी होतो, तर कामातल्या जड कष्टांनी तो वाढतो. तो अभ्यास मेंदूचा नव्हता, पण त्याचं तर्कशास्त्र इथे लागू पडतं. व्यायामात चढ असतो आणि मग उतार असतो, आणि दुरुस्ती उतारात होते. वाकून दिवसभर खुरपणाऱ्या बाईला चढच नीट मिळत नाही, कारण श्वास फुलण्याइतकी गती नाही. उतार तर मिळतच नाही, कारण शेतातून आल्यावर चूल आहे. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. ज्या स्नायूला लोह नाही, डाळ-अंडं नाही, झोप नाही, त्याने दूतदेवता कुठून पाठवायची? तिला 'व्यायाम करा' सांगणं हा तिच्या कष्टांचा अपमान आहे. तिला विसावा पाहिजे, ताटात प्रथिनं पाहिजेत, डोळ्यांना चष्मा आणि कानाला यंत्र पाहिजे.

शहरातल्या बाईचं दुखणं उलटं आहे. २०२२ च्या आकड्यांनुसार भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत ४२ टक्के, बायकांत ५७. हा आळस असेल तर बायका पंधरा टक्के जास्त आळशी कशा निघाल्या? अंधार पडल्यावर रस्त्यावर दिवे नाहीत, पदपथावर दुचाक्या आहेत, बाग तिला सवड मिळते त्या दुपारी बंद असते, मैदानावर मुलांचं क्रिकेट आहे, आणि धावणाऱ्या पन्नाशीच्या बाईकडे वळून बघणारे डोळे आहेत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं सांगते. ही दीडशे मिनिटं कुठे घालवायची याचं उत्तर नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात असतं, शाळेच्या वेळापत्रकात असतं आणि सोसायटीच्या ठरावात असतं. पट्टा पार्किंगला गेला तर जिमचे पैसे असलेला तो तरुण जिमला जाईल. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्यांना वॉकर घेऊन मुख्य रस्ता ओलांडता येत नाही, त्या गॅलरीत बसतील.

ठरावावरचं मतदान पुढच्या सभेवर गेलं आहे. मी समितीला लेखी अर्ज दिला. त्यात आयरिसिनचं नावसुद्धा घेतलेलं नाही. पट्टा टाकीपासून शेवग्यापर्यंत मोजून लिहिला आहे, माझ्या पावलांनी एकोणनव्वद. फरशा नीट बसवाव्यात, भिंतीला धरायला एक लोखंडी दांडी लावावी, मध्यावर टेकायला बाक ठेवावा आणि दोन दिवे लावावेत, एवढंच मागितलं आहे. खाली अकरा सह्या आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना सही करताना हात थरथरला, म्हणून त्यांनी अंगठाही उठवून दिला.